पंधरा अँपिअरचं घर

आमचे दाजी मोटारीत राहायचे. मोटारीतून हिंडायचे असं मी म्हणत नाही, राहायचे म्हणते. तिच्यात निजायचे, तिच्यात जेवायचे. दाराशी ‘खंडोजी सुभानजी ढमढेरे’ अशी पत्र्याची पाटी होती, आणि उंबरठा नव्हता म्हणून अक्का रोज सकाळी पायरीवरच रांगोळी काढायची. ही मोटार देवासला, टेकडीच्या पायथ्याशी, आमच्या अंगणात उभी असायची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मालन. मी इंदू, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी, मुलींच्या शाळेत मास्तरीण आणि तोंडानं फटकळ. मेहुणीनं दाजींची थट्टा करायची असते, एवढा एकच रिवाज मी आयुष्यात मन लावून पाळला.

ढमढेरे मंडळी धारची. दरबाराबरोबर दक्षिणेतून जी माणसं आली त्यांतली ही मशाल धरणारी. दाजींचे आजोबा मशालजी, वडील मशालजी. दरबारात विजेचे दिवे आले तेव्हा वडिलांच्या हातातली मशाल गेली, आणि दाजींना त्यांनी मोटारखान्यात चिकटवून दिलं. पण उजेडाचं वेड रक्तातून जात नाही. दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघायचे आणि मग माणसांकडे. लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हासुद्धा त्यांनी आमच्या ओसरीवरचा कंदील आधी बघितला होता, असं आई अजून सांगायची. अक्का म्हणायची की वात सारखी करून दिली म्हणूनच मी हो म्हटलं.

अठ्ठेचाळीसमध्ये संस्थानं गेली, धारचा मोटारखाना गेला आणि मोटारखान्याच्या मागच्या खोल्याही गेल्या. दाजींना देवासच्या बसअड्ड्यावर मिस्त्रीचं काम मिळालं. आमचे वडील मारुतीराव, म्हणजे आबा, थोरल्या पातीच्या, देवासच्या थोरल्या गादीच्या, फरासखान्यात तंबू आणि गालिचे सांभाळत आले होते. ते म्हणाले, मागची खोली रिकामीच आहे, या राहायला. त्यावर दाजींचा चेहरा असा उतरला की आबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. घरजावई हा शब्द आमच्या गल्लीत फार चवीनं उच्चारला जायचा, आणि दाजींना तो ऐकायचा नव्हता.

त्यांनी मग ही मोटार आणली. मांडूच्या रस्त्यावर, नालछ्याच्या जवळ, एका ठाकूरसाहेबांची ती शिकारीची गाडी होती. मागच्या बाजूला लांबट खोली, दोन बाजूंना फळ्यांचे पलंग, जाळीच्या खिडक्या, एक भिंतीतलं कपाट आणि छताला दोन दिव्यांचे होल्डर. शिकार बंद पडली तशी गाडीही बंद पडली होती आणि तिच्यात कोंबड्या राहायला लागल्या होत्या. दाजींनी ठाकूरसाहेबांच्या बाकी सगळ्या मोटारी वर्षानुवर्षं दुरुस्त केल्या होत्या. ठाकूरसाहेब म्हणाले, ही ओढून घेऊन जा, माझं आवार मोकळं होईल. दाजींनी दोन महिने तिथं बसून इंजिनाला खोकायला लावलं, कोंबड्या काढल्या, फळ्या घासल्या आणि धारवरून देवासला दोन दिवसांत गाडी आणली. अक्का मांडीवर पाण्याची घागर धरून शेजारी बसली होती. गाडी आमच्या अंगणात शिरली आणि इंजिन जे थांबलं ते पुन्हा एकदाच चालू झालं. त्या वेळी ती दोघं सोनकच्छला कुणाच्या लग्नाला निघाली होती. वाटेत बंद पडलेली गाडी चार बैलांनी परत आणून दिली.

तरी दाजी म्हणायचे, मी सासऱ्याच्या घरात राहत नाही. अंगणात गाडी उभी केलीय. गल्लीतलं कुणी ‘क्या भिया, ससुराल में ही जम गए?’ असं विचारलं की ते चाकांकडे बोट दाखवायचे. दर रविवारी ते चारही चाकांत हवा भरायचे. मी ओसरीवरून विचारायची, दाजी, आज कुठे निघालात? ते पंप मारता मारता म्हणायचे, निघायचं असेल तेव्हा निघता यावं एवढंच.

मी थट्टा करत होते खरी, पण मला कळत होतं. अक्काच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बायका तिला ‘अजून काही नाही का गं?’ विचारायच्या आणि लगेच ‘घर तरी कुठाय म्हणा’ असंही म्हणायच्या. दाजींना जगाकडून एकच गोष्ट हवी होती. ही मोटार म्हणजे खंडोजीचं आणि मालनचं घर आहे, असं लोकांनी मानावं. बाकी ते फार थोडक्यात खूश होणारे गृहस्थ होते. मुगाची खिचडी आणि नीट घट्ट बसलेला स्क्रू एवढ्यावर त्यांचा दिवस चांगला जायचा.

आता विजेचं. आमच्या घरी चार दिवे होते आणि मेन स्विच पाच अँपिअरचा. दाजींनी पहिल्याच आठवड्यात आमच्या ओसरीवरून मोटारीत एक तार नेली. आबांनीच आग्रह केला होता. मोटारीत दोन दिवे लागले, मग ठाकूरसाहेबांच्या शिकारखान्यातलाच एक जुना पंखा फिरायला लागला. मोटारीचा मिस्त्री असल्यामुळे दाजी विजेचा फार विचार करून वापर करायचे. बॅटरीवरच्या माणसाला सवयच असते. त्यांनी कपाटाच्या दाराला आतून एक फळी लावली होती. तिच्यावर तीन खुंट्या होत्या: पंखा, इस्त्री, दोन दिवे. इस्त्री चालू असली की पंख्याच्या खुंटीला चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे त्याला हात लावायचा नाही. अक्का ही शिस्त मनापासून पाळायची, आणि उन्हाळ्यात घामानं चिंब होऊन इस्त्री करायची. मी म्हटलं, दाजी, तुमच्या राज्यात वाऱ्याला पण पाळी लागते. ते म्हणाले, इंदूताई, तारेला जेवढं झेपतं तेवढंच तिच्याकडून मागावं, माणसाचंही तसंच.

एक्कावन्न साली त्यांनी शेगडी केली. मोटारीत स्वयंपाक चुलीवर करता येत नव्हता, स्टोव्हच्या धुरानं अक्काचे डोळे लाल व्हायचे. दाजींनी भाजलेल्या मातीच्या ताटलीत खाचा करून घेतल्या, त्यांत तारेचं वेटोळं बसवलं, खाली लोखंडी पाय लावले. तेवढ्यावर थांबले नाहीत. मोटारीच्या आतली सगळी जुनी तार काढून तिथं जाड तार टाकली, मोठा फ्यूज बसवला आणि दहा अँपिअरचा बोर्ड लावला. मग सगळ्यांना बोलावून दाखवलं. वेटोळं हळूहळू लाल झालं, अक्कानं त्याच्यावर चहाचं आधण ठेवलं आणि पंखाही चालूच राहिला. चिंध्या त्यांनी जाहीरपणे काढून टाकल्या. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की मला थट्टा सुचली नाही.

चूक इथंच झाली, आणि ती दाजींसारख्याच माणसाकडून व्हायची. मोटारीची वीज मोटारीतच असते, तिला बाहेरून काही यायचं नसतं. त्यामुळे त्यांनी हिशेब केला तो मोटारीतल्या मोटारीत. आत सगळं दहाचं केलं, पण येत होतं ते आमच्या पाचाच्या स्विचातून. घरातला नळ मोठा बसवला म्हणून टाकीतली नळी मोठी होत नाही. आणि आमचे चार दिवे त्यांच्या हिशेबातच नव्हते.

दुसऱ्याच संध्याकाळी आमचा फ्यूज उडाला. दाजी धावत आले तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, पावरहाऊसमधूनच गेलीय वाटतं, येईल. दाजी गेल्यावर त्यांनी खुर्चीवर उभं राहून नवी तार बसवली. मग आई आणि आबा दोघांनी मिळून एक व्यवस्था केली, न बोलता. आई आमच्या खिडकीत उभी राहायची. मोटारीच्या जाळीतून शेगडीची लाली दिसली की ती आमचे दिवे एकेक करून बंद करायची आणि कंदील लावायची. अक्काचा स्वयंपाक उरकला, लाली विझली की दिवे परत लागायचे. जावयाला नाही म्हणायचं नसतं, जावयाला कमी आहे असं कळू द्यायचं नसतं. मी मुलींच्या वह्या कंदिलाच्या उजेडात तपासायची आणि दातओठ खायची. काही बोलले की आई म्हणायची, तुझ्या बहिणीच्या डोळ्यांत धूर जात नाही ना आता, मग झालं. आबांनी संध्याकाळचं पोथी वाचणंच सोडून दिलं.

हे सहा महिने चाललं. एकदा दाजी नेहमीपेक्षा लवकर आले, बसअड्ड्यावरून आबांसाठी सुपारी घेऊन, आणि मोटारीत न जाता सरळ आमच्या ओसरीवर चढले. अक्कानं शेगडी नुकतीच लावली होती. घर अंधारात. आबा कंदिलाशी नुसतेच बसलेले.

दाजींनी विचारलं, दिवा का नाही लावला? आबा म्हणाले, अंधारात डोळ्यांना बरं वाटतं. मशालजीच्या नातवाला हे कसं पटावं? त्यांचा हात बटणाकडे गेला. आई ‘नको, जावईबापू’ म्हणेपर्यंत एक दिवा लागला होता. त्यांनी पुढे होऊन माजघरातला लावला, मग स्वयंपाकघरातला. तिसऱ्याला सगळंच गेलं. मोटारीतून अक्काचा आवाज आला, वीज गेली का हो? समोरच्या घरात मात्र दिवे लख्ख होते. दाजी बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. शेजारी उजेड, इथं अंधार, आणि वर छताशी उडालेल्या फ्यूजचा वास. त्यांना सगळं कळलं, पण ते सांगायला कुणीतरी हवं होतं आणि ते काम माझ्याच वाट्याला आलं.

“दाजी, तुमची शेगडी लागते तेव्हा आमचे दिवे विझतात. सहा महिने झाले.”

आबा मला दटावून म्हणाले, इंदू, आत जा. मी गेले नाही.

“मला सांगायचं होतंत, आबा,” दाजी म्हणाले.

“जावयाला काय सांगायचं? उजेडच तर नेत होतात.”

दाजींनी सुपारीची पुडी आबांच्या शेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरची तार काढून, गुंडाळून, त्यांनी मोटारीखाली ठेवून दिली. आई रडली, आबांनी दोनदा बोलावणं पाठवलं, पण दाजी ऐकेनात. मोटारीत स्टोव्ह आला, धूर आला. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, तो स्वतःचाच.

मग ते पावरहाऊसच्या कचेरीत गेले. स्वतःचं मीटर पाहिजे, पंधरा अँपिअरचं, असा अर्ज दिला. तिथले बाबू फत्तेसिंग चांगले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला. मी दाजींचा अर्ज लिहून दिला होता म्हणून बरोबर गेले होते, त्यामुळे पुढचं मी कानांनी ऐकलं.

“भिया, मीटर मकान को लगता है, मोटर को नी. कल को आप गाड़ी लेके सोनकच्छ चले गए, तो मैं मीटर कां ढूंढूं?”

दाजी म्हणाले, गाडी तीन वर्षं हललेली नाही.

“तो फिर चक्के कायके लिए हैं?”

फत्तेसिंगांनी मग नीट समजावलं. गाडी जमिनीत पक्की बसलेली पाहिजे, जागा सासऱ्याची नको, कारण एका आवारात एकच मीटर, आणि नगरपालिकेचा घर नंबर पाहिजे. एवढं करा, मी अर्ज पुढे सरकवतो. परतताना मला वाटलं, दाजींना जागेची काळजी पडली असेल. ती अडचण नव्हतीच. आमच्या भिंतीपलीकडची पडीक जागा विश्वासरावांची होती, त्यांच्या विहिरीवरचा पंप दाजीच चालू ठेवायचे, आणि विश्वासराव म्हणाले की दर दसऱ्याला एक नारळ आणून द्या आणि राहा. काळजी होती ती चाकांची.

रविवारी ते पंप घेऊन बसले, पण हवा भरलीच नाही. अक्का मोटारीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. ती फारशी बोलणारी नव्हती. त्या दिवशी बोलली.

“चाकं आहेत म्हणून आपण कुणाचे मिंधे नाही, असं तुम्हाला वाटतं. पण त्या चाकांवरून आपण गेलो कुठे?”

दाजींनी पंप बाजूला ठेवला. मग म्हणाले, जॅक आण.

आठ दिवस गल्लीला तमाशा मिळाला. भिंतीला खिंडार पाडून, बैल लावून, मागून बसअड्ड्याचे चार हमाल ढकलत मोटार विश्वासरावांच्या जागेत नेली. विटांचे सहा खांब बांधले, जॅक लावून गाडी उचलली आणि चाकं एकेक करून काढली. शेवटचं चाक निघालं तेव्हा गाडी थोडी खाली बसली आणि कुरकुरली. दाजी आत जाऊन पलंगावर बसून आले. म्हणाले, हलत नाही. मग हसले. मी म्हटलं, दाजी, आता पळून जायची सोय राहिली नाही. ते म्हणाले, इंदूताई, आता कुणी पळून जा म्हणायचीही सोय राहिली नाही.

नंबर आला. मीटर आलं, विटांच्या खांबावर, पत्र्याच्या पेटीत. आतलं काम दाजींनी एकट्यानं केलं, कुणाला हात लावू दिला नाही. आता त्यांचा हिशेब बाहेरून आत येत होता. खांबावरून येणारी तार आधी, मग मेन स्विच, मग त्यातून दोन वाटा, एक दिवे-पंख्याची आणि एक नुसत्या शेगडीची, प्रत्येकीला आपला फ्यूज. शेगडीचं काही बिघडलं तर दिवे जायचे नाहीत. सागाच्या पट्ट्यांवर तार इतकी सरळ बसवली होती की आबा तंबूची दोरी बघायच्या नजरेनं एक डोळा मिटून बघत राहिले. गाडीचं अंग लोखंडी, ओलाव्यात कधीकधी हाताला मुंग्या यायच्या, म्हणून मागच्या बाजूला खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली, गळकी वीज जमिनीत जावी म्हणून. त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं काम अक्काकडे. तुळशीला घालून झालं की ती तिकडे जायची.

बावन्नच्या दिवाळीआधी एका संध्याकाळी सगळं एकदम लावलं. दोन्ही दिवे, पंखा, इस्त्री, शेगडी. फ्यूज जागचा हलला नाही. अक्कानं शेगडीवर पुऱ्या तळल्या, मी ओसरीवरून बघत होते, आमच्या घरातले चारही दिवे लागलेले होते आणि आई खिडकीत उभी नव्हती. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं. कुणाचं काही विझत नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दाजींना उजेड द्यायची हौस. आमच्या घरातली तार दहा वर्षांची, उंदरांनी कुरतडलेली, आबांच्या डोक्यावरचा होल्डर गरम व्हायचा. धनत्रयोदशीला ते जाड तार घेऊन भिंतीवरून आले. म्हणाले, आबा, माझ्याकडे पंधरा आहे, लागतं सात-आठ. तुमची जुनी तार काढून टाकतो आणि माझ्या मेनमधून तुम्हाला वेगळी लाईन देतो. पावरहाऊसला कळवलंय, फत्तेसिंगबाबूंनी हो म्हटलंय.

आबांनी मान खाली घातली.

“जावईबापू, मुलीच्या घरचं आम्हाला चालत नाही. अजून.”

तो ‘अजून’ फार हळू होता. पण भिंतीच्या खिंडारात अक्का माझ्यासाठी पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती, तिला तो ऐकू गेला. आमच्यात जुना रिवाज आहे. लेक सासरी गेली की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. मूल झालं की मग लेकीचं घर भरलं, मग आजोबा-आजी म्हणून जायचं आणि जेवायचं. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की चार वर्षं मोटार दहा पावलांवर होती, आई रोज खिडकीतून तिच्याकडे बघत होती, पण आईनं तिच्यात बसून कधी पाणी घेतलं नव्हतं. मी तर तिथं अगणित वेळा चहा ढोसला होता. मला कधी दिसलंच नाही.

दाजी गोंधळले. मग खरोखरच विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, आबा, वीज काय अन्नात धरायची की पाण्यात? कुणी हसलं नाही. आबा म्हणाले, लेकीच्या घरून येतं ते सगळं एकच. त्यांना दुखवायचं नव्हतं, हे मला माहीत होतं. फरासखान्यात चाळीस वर्षं ज्या माणसानं गालिच्याची एक कड वाकडी पडू दिली नाही, तो रिवाजाची कड कशी मोडणार? पण मला त्या क्षणी आबांचा भयंकर राग आला. घर नंबर मिळाला, चाकं काढली, पंधरा अँपिअर आले, आणि एका शब्दात ते घर पुन्हा मोटार झालं.

अक्कानं ताट भिंतीवर ठेवलं आणि परत गेली. मग मोटारीतले दिवे एकेक करून विझले. पंखा थांबला. दाजी तार गुंडाळायला लागले. तार नीट गुंडाळली जात नव्हती, आणि मी त्यांना पहिल्यांदाच गाठ मारताना चुकताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला शोधत होते. फराळाचं सगळं पसरलेलं, करंज्या अर्ध्या झालेल्या, आणि आई स्वयंपाकघरात नव्हती. ती खिंडारातून पलीकडे जात होती, पिठाचे हात तसेच, डोक्यावरचा पदर सावरत. मी मागोमाग गेले. ती मोटारीच्या पायरीवर रांगोळी टाळून चढली, आत गेली आणि पलंगावर बसली. अक्का शेगडी पुसत होती, न लावताच. दाजी कोपऱ्यात काहीतरी करत होते, उठून उभे राहिले.

आईनं आजूबाजूला बघितलं. तिनं हे आतून कधी नीट बघितलंच नव्हतं. मग ती म्हणाली, “मालन, पाणी दे गं.”

अक्का जागची हलली नाही. ती म्हणाली, आई, तुला चालत नाही.

“बारा वर्षं वाट बघितली,” आई म्हणाली. “आता नाही बघणार. मूल आलं तर त्याला मांडीवर घेईन. नाही आलं तरी तू माझी लेक आहेस आणि हे तुझं घर आहे. ह्याच्यात भरायचं काय राहिलंय? दे पाणी.”

अक्कानं माठातून पेला भरला. थोडं पाणी फळ्यांवर सांडलं. आईनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि सगळं पाणी प्यायली, थांबून थांबून. मग पेला पुढे केला आणि म्हणाली, अजून एक भर. तुझ्या आबांसाठी.

मी रडत होते, ते मान्य करते. दाजी छताकडे बघत होते, जसं नेहमी बघायचे.

आईनं तो पेला पदराखाली झाकला नाही, काही नाही. सरळ हातात घेऊन खिंडारातून आमच्या ओसरीवर गेली आणि आबांसमोर धरला. तिनं सांगितलं की मालनच्या घरचं आहे, मी आत्ताच प्यायले. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग पेल्याकडे. गल्लीतून कुणी बघतंय का ते त्यांनी बघितलं नाही, हे मी मुद्दाम बघत होते. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पेला घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला. मिशीवरचं पाणी पुसलं. मग खिंडारापाशी येऊन थबकलेल्या दाजींना म्हणाले, “खंडोजीराव, ती तार कुठे ठेवलीत?”

जावईबापू नव्हे, खंडोजीराव. घरमालकाला हाक मारतात तशी.

दाजींनी लगेच धाव घेतली नाही. आधी आमचा मेन बंद केला, दोनदा टेस्टर लावून खात्री केली, जुनी तार सोडवली आणि मग भिंतीवरून नवी आणली. एवढा आनंद झालेला माणूस एवढ्या सावकाश काम करतो, हे मी फक्त त्यांच्याच बाबतीत बघितलं. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा त्यांनी आबांना बटणापाशी नेलं. आबांनी स्वतः दाबलं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली. चारही.

मी अक्काला सांगायला पलीकडे गेले, पण सांगायचं काही नव्हतं. ती मोटारीच्या दारात उभी राहून आमच्या घराकडे बघत होती. मागे तिच्या शेगडीवर दूध तापत होतं आणि ते उतू जायला आलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

“इंदू,” ती म्हणाली, “आबांनी माझ्या घरचं घेतलं.”